उशिरा पोचणारं हसू

जावयानं आधी तिकिटं काढली आणि मग मला विचारलं, "आई, तुम्हाला विनोदी कार्यक्रम आवडतात ना?" तिकिटं काढून झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर एकच असतं. मी "हो" म्हटलं. मग त्यानं हळूच सांगितलं, "इंग्रजीत आहे." आणि जरा थांबून, "आणि त्यात आधी ठरलेलं काही नसतं. लोक बसल्या जागेवरून शब्द ओरडतात आणि नट त्यावरून तिथल्या तिथे नाटक करतात."

"म्हणजे धयकालो," मी म्हटलं.

लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, धयकालो काय! इम्प्रोव्ह म्हणतात त्याला."

म्हणोत. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते, धयकालो म्हणजे दहीकाला, आमच्या सिंधुदुर्गातलं दशावतारी नाटक. दिवाळी सरली, भात घरात आलं की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. देवाची पालखी देवळाभोवती फिरून आली की मध्यरात्रीच्या सुमाराला नाटक उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. आधी आड दशावतार, म्हणजे गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, मग वेद पळवणारा काळाकुट्ट संकासूर आणि त्याचा वध करणारा विष्णू. त्यानंतर मुख्य आख्यान. यातल्या कशालाच लिहिलेली संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता मालक किंवा एखादा जाणता नट बाकीच्यांना कथानक सांगतो, राजा कोण, राणी कोण, राक्षस कोण हे ठरतं, आणि पुढचं ज्याचं त्यानं बोलायचं. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच राणीचा पलंग. बाजूला पायपेटी, पखवाज, झांज. सकाळी हेच राजे-महाराजे आपले पेटारे उचलून पुढच्या गावाच्या वाटेला लागायचे. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण आमच्याकडे त्यांच्यावरूनच पडली.

माझे बाबा शाळामास्तर होते, आणि जत्रेच्या रात्री मला गोणपाटावर बसवून ते स्वतः पुढे जाऊन उभे राहायचे. जाताना म्हणायचे, "आज शब्दाक शब्द लागतलो." एका नटानं टाकलेला शब्द दुसऱ्यानं कसा झेलला, कसा परतवला, हे त्यांना पाहायचं असे. गोष्ट काय, गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक होती. मी संकासुरापर्यंत कशीबशी जागी राहायचे. संकासूर मालवणीत बोलायचा, भटजीची फिरकी घ्यायचा, समोर बसलेल्या गावकऱ्यांना नावानिशी ओढायचा. एकदा त्यानं बाबांनाच विचारलं होतं, मास्तर, माका पास करशात? त्या हशानं मला झोपेतून जागं केलं होतं आणि काय झालं ते कळायच्या आत मीही हसत सुटले होते.

तर अशी पूर्वतयारी घेऊन मी अ‍ॅमस्टरडॅमला इंग्रजी विनोद बघायला निघाले.

लेक-जावई अ‍ॅमस्टलवेनला राहतात. तिथे आपले लोक इतके आहेत, की कोथिंबीर आणायला गेलं तरी दोन ओळखी होऊन परत यावं. जून महिना होता. संध्याकाळचे सात वाजून गेले होते आणि ऊन दुपारचं वाटावं असं लख्ख होतं. ५ नंबरच्या ट्रामनं लाइड्सप्लाइनला उतरलो आणि तिथून चालत रोझनग्राख्त या रस्त्याला लागलो. 'ग्राख्त' म्हणजे कालवा, पण इथे कालवा कुठे दिसेना. जावयानं सांगितलं, की पूर्वी होता, १८८९ साली बुजवून त्यावर रस्ता केला. चित्रकार रेम्ब्रांट दिवाळं वाजल्यानंतर मोठं घर सोडून याच कालव्याकाठी भाड्यानं राहायला आला, १६६९ साली इथेच वारला आणि पलीकडच्या वेस्टरकेर्कमध्ये भाड्याच्या थडग्यात पुरला गेला. थडगं नेमकं कुठलं, ते आज कुणालाच माहीत नाही. विनोदी कार्यक्रमाला जाता जाता ही माहिती. जावई असाच आहे, आईसक्रीम घ्यायला गेलो तरी शिलालेख वाचून दाखवतो.

बूम शिकागो हे त्या मंडळींचं नाव. १९९३ साली काही अमेरिकन मित्रांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये येऊन हा उद्योग सुरू केला. डच लोकांच्या गावात, इंग्रजीतून, आणि तोही आयत्या वेळी सुचेल तो विनोद! आमच्या बँकेत असा कर्जप्रस्ताव आला असता तर मी दोन मिनिटांत परत पाठवला असता. आणि माझी चूक झाली असती, कारण तीस वर्षं उलटून गेली तरी दुकान चालू आहे. सेथ मायर्स, जॉर्डन पील, जेसन सुडेकिस ही आज अमेरिकेत गाजणारी मंडळी तरुणपणी इथेच घडली. यातलं एकही नाव मला माहीत नव्हतं. लेकीनं तीन वेळा सांगितलं तेव्हा कुठे लक्षात राहिलं.

सभागृहात शिरले आणि पहिली नजर रंगमंचावर गेली. दोन खुर्च्या. बाकी काही नाही. एका बाजूला कीबोर्ड घेऊन एक माणूस बसलेला.

"बघ," मी लेकीला कोपरानं ढोसलं, "बाकडं आणि पायपेटी."

ती हसली. पण तिचं लक्ष माझ्याकडेच होतं. आईला कळेल ना, आई कंटाळणार नाही ना, ही काळजी तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती नाचत असताना माझा चेहरा असाच होत असणार.

माझ्या इंग्रजीबद्दल सांगायला हवं. मला इंग्रजी येतं. तेहतीस वर्षं बँकेत काढली, ती काय मुकाट्यानं? ओव्हरड्राफ्ट, क्लिअरिंग, रिकन्सिलिएशन, 'काइंडली डू द नीडफुल', या भाषेत मी भल्याभल्यांना गार केलं आहे. पण हे इंग्रजी म्हणजे ऑफिसला नेसायची कडक इस्त्रीची साडी. घरी आल्यावर ती सोडून ठेवायची. त्या भाषेत मी कधी भांडले नाही, रडले नाही, कुणाला शिवी दिली नाही, आणि खदखदून तर कधीच हसले नाही. झोनल ऑफिसच्या मीटिंगमध्ये परप्रांतातला मोठा साहेब इंग्रजीत विनोद करी, तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे बघून योग्य वेळी हसायचो. ते उसनं हसू मला छान जमतं. तोंड किती उघडायचं, मान किती हलवायची, कधी थांबायचं, सगळं येतं.

दिवे मंद झाले आणि पाच जण धावत आले. तीन पुरुष, दोन बायका. साधे कपडे, रंग नाही, मुकुट नाही. बोलायला लागले आणि माझी तारांबळ उडाली. काय तो वेग! शब्द कळत होते, वाक्यंही कळत होती. विनोद मात्र कळायच्या आत पुढे निघून जात होता. आपण फलाटावर पोचावं आणि गाडीचा शेवटचा डबा समोरून सरकावा, तसं. वाक्य ऐकायचं, मनात मराठीत फिरवायचं, ते नीट बसलं की हसायचं, आणि तोवर रंगमंचावर दुसरंच काही सुरू झालेलं. काही वेळा तर मराठीत फिरवल्यावर विनोद उरतच नव्हता, मग मी हातात रिकामी पिशवी धरून बसल्यासारखी.

दहा-पंधरा मिनिटांनी मी नटांचा नाद सोडला आणि हसणाऱ्यांकडे लक्ष द्यायला लागले. ही गंमत मला एकदम आवडली. हशा एकसंध नव्हता. तो तीन लाटांनी येत होता. सगळ्यांत आधी डावीकडचा एक घोळका फुटायचा. ते अमेरिकन होते, मोठ्यानं बोलत होते, वाक्य पुरं व्हायच्या आत हसत होते. मग मधल्या बाकीच्या सभागृहाचा मोठा, भरदार हशा. हे बहुतेक डच. इथे टीव्हीवर परदेशी कार्यक्रम डच आवाज न चढवता मूळ भाषेत दाखवतात, खाली फक्त डच अक्षरं, त्यामुळे इंग्रजी त्यांच्या कानात लहानपणापासून मुरलेलं. तरीही ते अमेरिकनांच्या एक श्वास मागे होते. आणि सगळ्यांत शेवटी मी.

मीच एकटी असं वाटत होतं, पण नाही. माझ्या उजवीकडे एक डच आजीबाई होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, आखूड पांढरे केस, गळ्यात जाड निळ्या मण्यांची माळ. त्यांचं हसू आणि माझं हसू नेमकं एका वेळी पोचत होतं. सगळं सभागृह शांत झालं की आमचे दोघींचे दोन आवाज, टाळी संपल्यावर कुणाची तरी एक टाळी वाजावी तसे. दोन-तीनदा असं झालं आणि मग आम्ही एकमेकींकडे पाहिलं. त्यांनी भुवया उंचावल्या. मीही. एवढ्यावर ओळख झाली.

एक प्रसंग तर सरळ पडला. लिफ्टमध्ये अडकलेली दोन माणसं होती, ती अडकली ती अडकलीच. नटांना बाहेर पडायची वाट सापडेना, लोक खोकायला लागले. मला कोण आनंद झाला! म्हणजे हे खरंच ठरवून करत नाहीत तर. तोवर माझा जावयाशी वाद चालला होता, कारण एवढी माहिती देणारा हा गृहस्थ आता म्हणत होता, "थोडंफार बसवलेलंच असणार." धयकाल्यातही असं होतं. राजा बोलता बोलता अडतो, मग पायपेटीवाला सूर धरतो आणि राजा पद म्हणत वेळ काढतो. इथेही कीबोर्डवाल्यानं एकदम चढा सूर लावला, त्या दोघांनी लिफ्टमध्येच नाचायला सुरुवात केली, आणि दिवे गेले. सुटले बिचारे.

मग ती वेळ आली. एक उंच, कुरळ्या केसांची नटी पुढे येऊन म्हणाली, स्वयंपाकघरातली एक वस्तू सांगा. सभागृहातून एकमुखानं आवाज आला, "चीज स्लायसर!" डच घरात आणखी काही नसलं तरी चीज कापायची ती चपटी सुरी असणारच. नटीनं कपाळाला हात लावला. म्हणाली, या गावात मला रोज चीज स्लायसरच मिळतो, दुसरं काही आहे का तुमच्या घरात? आणि तिची नजर फिरत फिरत आमच्या रांगेवर आली.

माझ्या तोंडून गेलं, "आडाळो!"

का गेलं, सांगता येत नाही. विळी म्हणता आलं असतं, इंग्रजीत चाळणी, झारा, काहीही सांगता आलं असतं. पण बाबांनी मला गोणपाटावर बसवलेलं असताना संकासूर समोर येऊन काही विचारायचा, तेव्हा उत्तर मालवणीतच यायचं. बहुधा तेच झालं.

"अडालो?" नटी म्हणाली. "अडालो म्हणजे काय?"

लेकीनं चेहरा दोन्ही हातांनी झाकला. मी उभी राहिले. बँकेत ऑडिटरसमोर उभी राहायचे तशी. म्हटलं, ही एक फळी असते. त्यावर पातं. पात्याच्या टोकाला दात असतात. त्यावर बसायचं आणि नारळ खवायचा. एवढं सगळं मी शुद्ध इंग्रजीत सांगितलं, फक्त क्रम चुकला. आधी दात सांगितले आणि मग लगेच 'त्यावर बसायचं' म्हटलं. सभागृहात जो हशा उठला, त्याचं कारण मला घरी जाताना ट्रामच्या थांब्यावर कळलं. त्या वेळी मात्र मला वाटलं, लोकांना नीट समजलेलं नाही, म्हणून मी हातानं दाखवायला लागले. नारळाचं भकल दोन्ही हातांत धरायचं, दातांवर दाबून खाली ओढायचं, आणि प्रत्येक ओढीला मनगटातून जरासं फिरवायचं, म्हणजे सगळीकडून सारखं खोबरं निघतं आणि खालची काळपट साल येत नाही. मी चार-पाच वेळा करून दाखवलं. नटी हसत नव्हती. मान थोडी कलती करून माझ्या हातांकडे बघत होती.

प्रसंग सुरू झाला. एक नट फर्निचरच्या दुकानातला विक्रेता झाला. ही कुरळ्या केसांची बाई गिऱ्हाईक. तिनं सांगितलं, मी नुकतीच नवऱ्यापासून वेगळी झाले आहे आणि मला एकच खुर्ची हवी आहे, एकटीसाठी. विक्रेता म्हणाला, मॅडम, आमच्याकडे अडालो आहे. बाकीच्या खुर्च्यांवर बसून माणूस आळशी होतो. हिच्यावर बसून कुणी आजवर आळशी झालेलं नाही.

इथे मी हाताच्या मुठी आवळून बसले होते हे कबूल करते. मला वाटत होतं, आता हा आपल्यासारखं इंग्रजी बोलणार. मान हलवत, र घोळवत. परदेशात गेल्यावर ही एक भीती मनात कुठेतरी बसलेलीच असते. त्यानं तसं केलं नाही. नंतर मला स्वतःचीच जरा लाज वाटली, कारण आपल्याकडच्या विनोदी कार्यक्रमांत 'मद्राशी' आणि 'भय्या' यांचा आवाज काढला, की मी वर्षानुवर्षं पोट धरून हसत आले आहे.

विक्रेता आडाळ्यावर बसला तो घोड्यावर बसावा तसा, दोन्ही पाय दोन बाजूंना टाकून. चुकीचं, साफ चुकीचं. आमच्याकडे एक पाय मुडपून फळीवर ठेवतात आणि दुसरा उभा किंवा लांब. असं घोड्यावर बसलात तर पहिल्याच नारळाला तालुक्याचा दवाखाना. लोक हसत होते, मी मनातल्या मनात त्याला दुरुस्त करत होते. मग तो म्हणाला, आता तुम्ही बसून बघा.

ती बसली. रिकाम्या जमिनीवर, एक पाय मुडपून. मी पाय सांगितलाच नव्हता. तिनं बहुधा विचार केला असेल, समोर पातं असेल तर माणूस कसा बसेल, आणि शरीरानंच उत्तर दिलं असेल. मग तिनं हवेतलं भकल हातात घेतलं आणि काही न बोलता खवायला लागली. खाली ओढ, मनगट जरासं फिरव. खाली ओढ, मनगट फिरव. मध्येच तिनं डाव्या हाताच्या पाठीनं कपाळावरचे केस मागे सारले.

तो केस सारायचा हात मी तिला दाखवला नव्हता. म्हणजे मला तरी आठवत नाही. बहुतेक बोलता बोलता माझा हात गेला असेल कपाळाकडे. पण मला तिथे माझी आई दिसली. चुलीजवळ, गणपतीच्या आदल्या दिवशी, मोदकांसाठी एकामागून एक नारळ खवत बसलेली, हात खोबऱ्यानं पांढरे, म्हणून पालथ्या हातानं केस मागे सारणारी. आणि समोर जमिनीवर बसलेली ती शिकागोछाप उंच बाई, जीन्समध्ये, हवेतला नारळ खवणारी.

मी हसले. मोठ्यानं, एकटीच. सभागृह त्या वेळी एकदम शांत होतं, कारण तिनं अजून काही विनोद केलाच नव्हता. अमेरिकन घोळका नाही, डच नाही, निळ्या माळेच्या आजी नाहीत, सगळ्यांच्या आधी मी. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते थांबेना. मग लोक माझ्या हसण्याला हसायला लागले. नटीनं खवणं न थांबवता वर पाहिलं आणि विक्रेत्याला म्हणाली, "घेते मी. हिच्यावर बसून रडता येतं, आणि लोकांना वाटतं, कांदा चिरतेय."

कांदा पुढच्या पात्यावर चिरतात, खोबरं टोकाच्या दातांवर खवतात. हेही मी तिला सांगितलं नव्हतं!

त्या रात्री झोप येईना म्हणून जावयाच्या लॅपटॉपवर मी हे प्रकरण मुळातून वाचत बसले. यामागे व्हायोला स्पोलिन नावाची शिकागोची बाई आहे. १९०६ चा जन्म, घर रशियातून आलेल्या ज्यू लोकांचं. १९२० च्या दशकात ती शिकागोच्या हल हाउस या वस्तीकेंद्रात नीव्हा बॉइड यांच्या हाताखाली मुलांचे खेळ शिकली. १९३० च्या दशकाच्या अखेरीला सरकारी रोजगार योजनेत तिला स्थलांतरितांच्या वस्तीतल्या मुलांचं नाटक बसवायचं काम मिळालं. घरोघरची भाषा वेगळी, संस्कार वेगळे. अशा मुलांना 'संवाद पाठ करा' म्हणून काय होणार? तिनं खेळ रचले. त्यांतला एक आरशाचा. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकानं हालचाल करायची, दुसऱ्यानं आरशासारखी तीच करायची. तिचा मुलगा पॉल सिल्स यानं पुढे हे खेळ मोठ्या माणसांच्या नाटकात आणले. १९५५ साली शिकागोत कंपास ही मंडळी उभी राहिली, १९५९ साली सेकंड सिटी. तिथून हे जगभर पसरलं आणि त्यातलंच एक टोक रोझनग्राख्तपर्यंत आलं.

ती कुरळ्या केसांची बाई माझ्या हातांकडे मान कलती करून का बघत होती, हे मला रात्री दोन वाजता कळलं. आरसा.

बाबा असते तर त्यांना हे कितपत आवडलं असतं, मला शंका आहे. बाबांना शब्दाला शब्द लागलेला हवा असे. दोन कंपन्यांचे नामांकित नट एकत्र आणून संयुक्त दशावतार करतात, तिथे तर एक नट दुसऱ्याला भर नाटकात पुराणातला एखादा अवघड प्रश्न घालतो आणि तो कसा सुटतो ते बघायला लोक लांबून येतात. सुटला तर शिट्ट्या, अडकला तर त्याहून जास्त शिट्ट्या. इथे तसं नव्हतं. समोरच्यानं काहीही म्हटलं तरी 'हो' म्हणायचं आणि त्यात आपली भर घालायची, हा यांचा पहिला नियम, असं जावयानं मध्यंतरात समजावलं. मला तो जरा गुळचट वाटला. 'हो, पण' म्हटल्याशिवाय नाटक पुढे कसं जायचं? पण लिफ्टच्या त्या पडलेल्या प्रसंगात एकानं दुसऱ्याला एकदाही तोंडघशी पाडलं नाही, दोघं मिळून बुडाले, हे मी पाहिलं होतं. आमच्या राजानं अशा वेळी प्रधानाच्या गळ्यात सगळं घातलं असतं आणि आम्ही टाळ्या पिटल्या असत्या. दोन्हींत मला जास्त काय आवडतं, विचाराल तर अजूनही धयकालो. पण दशावतारात राणीसुद्धा पुरुषच होतो, आणि इथे ती बाई उत्तरार्धात मिशा पिळणारा म्हातारा झाली होती. तेवढं मला त्यांचं जास्त आवडलं.

उत्तरार्धात आडाळो परत आला. चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांचा प्रसंग होता, प्राणवायू संपत आलेला, सगळे गंभीर. मागच्या कोपऱ्यात ही बाई हळूच जमिनीवर बसली, एक पाय मुडपला, आणि मनगटं फिरवायला लागली. एक शब्द नाही. सगळं सभागृह एका क्षणात फुटलं. या वेळी लाटाबिटा काही नाही. अमेरिकन, डच, निळ्या मण्यांच्या आजी आणि मी, एकाच वेळी.

"आता सांगा, हे बसवलेलं होतं?" मी जावयाला विचारलं. त्यानं हात जोडले.

बाहेर आलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते, तरी आकाशाच्या कडेला अजून फिकट उजेड होता. लेक माझा दंड धरून चालत होती. "आई, तू सगळ्यांसमोर उभी राहून काय केलंस!" असं ती तिसऱ्यांदा म्हणाली, आणि मग जरा वेळानं, "आपला आडाळो कुठे आहे गं आता?" माळ्यावर आहे, मी म्हटलं, पात्याला गंज चढला असेल. तिच्या घरी खोबरं गोठवलेल्या पाकिटातून येतं. त्याबद्दल मी काही बोलले नाही. पाकीट मलाही सोयीचं वाटतं, खोटं कशाला बोलू.

ट्रामच्या थांब्यावर उभे होतो. रुळांपलीकडे, उलट दिशेच्या थांब्यावर त्या आजी एकट्याच उभ्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. बोलायला अंतर फार होतं आणि भाषाही. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली, दोन्ही हात पुढे धरले आणि खवायला लागल्या. पण त्यांची ओढ खालून वर जात होती. मी मान हलवली, नाही नाही, आणि रुळांच्या अलीकडून हवेतलं भकल वरून खाली ओढून दाखवलं. मनगट जरासं फिरवून. त्यांनी नीट पाहिलं. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा बरोबर जमलं.

तेवढ्यात त्यांची ट्राम मध्ये आली.